ग्रामसभेचा अर्थसल्लागार होताना : गडचिरोलीच्या तेंदू-बांबूच्या हिशेबातून

महाराष्ट्रात प्रादेशिक विकासाची चर्चा सुरू झाली की ती बहुधा अनुशेषाच्या आकड्यापाशी येऊन थांबते. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतील जिल्हावार तूट मोजून दाखवली, आणि त्यानंतर जवळपास तीन दशकांनी, २०१३ मध्ये, विजय केळकर यांच्या समितीने संतुलित विकासाच्या प्रश्नाची नव्याने मांडणी केली. निधीवाटपाच्या भांडणात असे आकडे लागतातच. मात्र त्यांचे एकक जिल्हा किंवा तालुका असते, आणि अर्थसल्लागाराला गावात बसून काम करायचे असेल तर या एककाचा फारसा उपयोग होत नाही. गडचिरोलीचेच पाहा. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला, सुमारे तीन चतुर्थांश भूभागावर वन असलेला हा जिल्हा राज्याच्या २००२ च्या मानव विकास अहवालात तळाशी होता. याच जिल्ह्यातील ग्रामसभा आज आपल्या जंगलातील तेंदूपत्त्याची (विडीच्या पानाची) निविदा स्वतः काढतात, बांबूच्या वाहतूक परवान्यावर स्वतःचा शिक्का मारतात आणि लाखो रुपयांचे करार करतात. जिल्हावार तक्त्यात या उलाढालीला रकाना नाही.

अशा ग्रामसभांसोबत काम करू इच्छिणारे अर्थशास्त्राचे पदवीधर, सनदी लेखापाल आणि नियोजन सल्लागार यांच्यासाठी हे टिपण आहे. उदाहरणे गडचिरोली-चंद्रपूरची आहेत, कारण कामाची पद्धत मी तिथेच शिकलो, आणि बरीचशी चुका करून शिकलो.

आपण कोणाचे सल्लागार?

पहिले काम गावात जाण्याआधीचे आहे. आपल्याला नेमके कोणी नेमले आहे, पैसे कोण देणार आणि अहवाल कोणाच्या हाती पडणार, हे एका पानावर लिहून काढावे. जिल्हा कार्यालयाने, एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीने किंवा देणगीदार संस्थेने नेमले असेल तर ते पहिल्याच बैठकीत, पहिल्या दहा मिनिटांत सांगावे. ज्या भागात खाणीचा प्रश्न आहे तिथे तर हे सांगितल्याशिवाय कागद उघडूच नये. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या लोहखनिजाने वर्षानुवर्षे जे वातावरण तयार केले आहे, त्यात ‘विकासाचा अभ्यास करायला आलो’ हे वाक्य लोक फार सावधपणे ऐकतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

नेमणूक ग्रामसभेच्या ठरावाने झालेली सर्वांत चांगली. ठरावात कामाची व्याप्ती, मुदत, मानधन आणि गोळा होणाऱ्या माहितीची मालकी या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात, आणि गावाची माहिती ग्रामसभेच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही हे त्यात लिहिलेले असावे. मानधन ठरावीक रकमेचे घ्यावे. विक्रीच्या रकमेवर टक्केवारी घेणारा सल्लागार चढ्या बोलीकडे झुकतो. गावाला मात्र कधीकधी कमी बोलीचा, वेळेवर पैसे देणारा खरेदीदार परवडतो. ज्या व्यापाऱ्याशी करार होणार आहे त्याच्या गाडीतून गावात जाऊ नये, ही गोष्ट सांगावी लागू नये. पण सांगतो, कारण बस दिवसातून दोनदाच असते आणि मोह होतो.

कायद्याची चार पाने

अर्थसल्लागाराने वकील व्हावे अशी अपेक्षा नाही, परंतु मालकी कोणाची हे न कळता उत्पन्नाचा अंदाज बांधता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा इतर माल, गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क मान्य केला, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू व तेंदूपत्ता यांची नावे घातली. सामूहिक वनहक्काचा पट्टा प्रत्यक्ष हातात घेऊन त्यावरील क्षेत्र, वनखात्याचा कक्ष (जंगलाचा तुकडा) क्रमांक आणि घातलेल्या अटी वाचाव्यात. पट्ट्यावरचे क्षेत्र आणि गावाने दावा केलेले क्षेत्र यांत फरक असेल तर तो तिथल्या तिथे टिपून ठेवावा, कारण पुढचा सगळा उत्पादनाचा हिशेब त्याच क्षेत्रावर उभा राहतो.

ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांची गल्लत नवख्या सल्लागाराकडून हमखास होते. गट ग्रामपंचायतीत पाच-सहा गावे आणि त्यांचे टोले, म्हणजे वाड्या, असू शकतात. वनहक्क मात्र त्या त्या गावाच्या ग्रामसभेचा असतो, आणि पेसा या अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालील २०१४ च्या राज्य नियमांनुसार टोल्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येते. त्यामुळे सरपंचांशी झालेली बैठक म्हणजे गावाची संमती, असे धरता येत नाही. वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आहे आणि उपस्थितांमध्ये किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. हजेरी-वहीवरच्या अंगठ्यांची संख्या पाहून समाधान मानू नये. स्त्रिया बसल्या कुठे होत्या आणि बोलल्या का, हेही पाहावे.

कधी जावे

सल्लागाराचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि नेमक्या त्याच महिन्यात गावात कोणाला क्षणाची उसंत नसते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चारपासून मोहफुले वेचणे चालू असते. त्यामागोमाग तेंदूचा हंगाम येतो, जो जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. जूनपासून धानाची पेरणी-रोवणी आणि हिवाळ्याच्या तोंडावर कापणी-मळणी. घरोघरच्या मुलाखतींसाठी डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी हा काळ सोयीचा. तेंदूच्या निविदेची तयारीही त्याच वेळी सुरू व्हावी लागते. पाहणी हंगामात करू नये, पण एक हंगाम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अहवालही लिहू नये. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडणे, दुपारी घराच्या ओसरीवर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या आणि वाळवण्याच्या जागी, रांगेत उभे राहणे, हा एका कुटुंबाचा पूर्ण दिवस एकदा सोबत राहून पाहिला की ‘मनुष्यदिवस’ हा शब्द जपून वापरला जातो. पुडे बांधायला आजी आणि शाळकरी नातवंडे बसलेली असतात. मजुरी मात्र एकाच नावावर लागते.

मोजमापाच्या बाबतीत एक सूचना. मोहफुले घरी पायलीने मोजली जातात, बाजारात किलोने विकली जातात, आणि वाळल्यावर वजन उतरते. या तिन्हींची सांगड न घालता केलेली उत्पन्नाची सरासरी निरर्थक असते. शिवाय बरीच घरे हंगामात पैशाची नड म्हणून मोहफुले स्वस्तात विकतात आणि पावसाळ्यात तीच चढ्या भावाने परत विकत घेतात. विक्रीचा आकडा ‘उत्पन्न’ म्हणून लिहून मोकळे झालो तर ही उलटी खरेदी दिसतच नाही. तेंदूच्या रकमेतला थोडा भाग ग्रामसभेने मोह साठवण्यासाठी खेळता ठेवावा का, हा गावापुढे मांडण्यासारखा प्रश्न याच बारीक हिशेबातून निघतो.

अभ्यासगटात बसणे

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाचे नाव सर्वांनी ऐकलेले असते. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. सुमारे १,८०९ हेक्टर जंगलाचा पट्टा. २०११ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सर्वदूर पोहोचली. सल्लागाराने तिथून उचलण्यासारखी गोष्ट घोषणेपेक्षा साधी आहे : अभ्यासगट आणि ग्रामसभा यांची फारकत. अभ्यासगटात कोणीही बसावे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, वाद घालावा; तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, गावकऱ्यांनी, सर्वसहमतीने घ्यायचा.

या रचनेत सल्लागाराची जागा आपोआप ठरते. त्याने अभ्यासगटात सर्व काही सांगावे आणि ग्रामसभेत मागे बसावे. अभ्यासगटात पहिली दोन सत्रे आपण न शिकवता ऐकण्यात घालवावीत. तुम्ही तयार केलेली प्रश्नावली तिथे वाचून दाखवा आणि कोणते प्रश्न गाळावेत, कोणते राहून गेले, हे विचारा. बहुतेक ठिकाणी जमिनीविषयीचे निम्मे प्रश्न गळतात, आणि कर्ज, देवकार्य, दवाखाना यांवरच्या खर्चाचे प्रश्न वाढतात. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या गावात दुभाषा गावचाच असावा, आणि त्याला त्याचा मोबदला मिळावा; शाळेतल्या मुलाला पकडून काम भागवू नये.

वीस खड्यांची निविदा

आता खरा कसोटीचा भाग. महाराष्ट्रात तेंदूची एक प्रमाण गोणी म्हणजे एक हजार पुडे, म्हणजेच सत्तर हजार पाने. ठेकेदार तोडणाऱ्याला पुड्यांच्या शेकड्यावर मजुरी देतो आणि ग्रामसभेला प्रत्येक गोणीमागे स्वामित्व रक्कम, जिला सगळे रॉयल्टी म्हणतात. निविदा उघडल्यावर ज्याचा गोणीचा भाव जास्त त्याला काम, ही सोपी रीत आहे आणि पुष्कळदा तीच महागात पडते.

एका गावात मी हे असे मांडले होते. आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत. अंदाजे उत्पादन २०० गोण्या. पहिला ठेकेदार गोणीला ९,००० रुपये देतो, मोठी आगाऊ रक्कम भरतो आणि सगळा माल उचलण्याची हमी लिहून देतो. दुसरा १०,५०० देतो, आगाऊ रक्कम नाममात्र, आणि ‘माल प्रतवारीनुसार’ असे शब्द करारात घालतो. जमिनीवर वीस खडे मांडले, एक खडा म्हणजे दहा गोण्या. पहिल्याचे १८ लाख पक्के. दुसऱ्याने सगळा माल उचलला तर २१ लाख. मग पाऊस आला, पान खराब ठरले, फळी दोन दिवस आधी बंद झाली असे म्हणत एकेक खडा उचलायला लागलो. दोन खडे गेले, तरी दुसरा ठेकेदार १८ लाख ९० हजारांवर म्हणजे पुढेच. तिसरा खडा उचलला आणि रक्कम १७ लाख ८५ हजारांवर आली. एवढा वेळ मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, मागच्या साली फळी किती दिवस आधी बंद झाली होती? चार दिवस, असे तिघांनी एकदम सांगितले. त्यानंतर मला बोलण्याचे कारण उरले नाही. संगणकावरच्या तक्त्याने हेच उत्तर दोन सेकंदांत दिले असते, पण तो प्रश्न विचारला गेला नसता.

करारात सल्लागाराने डोळ्यांत तेल घालून पाहायच्या बाबी थोड्याच आहेत. आगाऊ रक्कम किती आणि ती निविदेच्या कोणत्या दिवशी खात्यात यायला हवी. उरलेले हप्ते माल गोदामातून हलण्याआधी की नंतर. याचे उत्तर ‘आधी’ असेच असले पाहिजे. खराब पान ठरवणारा कोण, आणि तो ठेकेदाराचा मुन्शी असेल तर ग्रामसभेचा माणूस त्याच्याशेजारी बसणार का. बारदाना कोणी आणायचा. फळीवर वाळत घातलेले पुडे अवकाळीने भिजले तर नुकसान कोणाचे. कराचे कलम वेगळे ठेवावे : २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तेंदूपत्त्यावर १८ टक्के दर लागला आणि तो कोणी भरायचा यावर खूप घोळ झाले. दर बदलत राहतात. म्हणून निविदेच्या दिवशीचा दर तपासून ‘बोली कर वगळून’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. ग्रामसभेचे पॅन कार्ड, बँक खाते आणि लेखापरीक्षण हे विषय कंटाळवाणे आहेत, पण सनदी लेखापालाने गावाला द्यायची सर्वांत मोलाची मदत हीच असते.

माझी स्वतःची चूकही इथेच सांगतो. एका हंगामासाठी उत्पादनाचा अंदाज काढताना मी मागील वर्षांच्या सरकारी नोंदी प्रमाण मानल्या. त्या नोंदी चुकीच्या नव्हत्या. त्या आमच्या फळीच्या होत्या. पण नाल्यापलीकडच्या टोल्यातली घरे जवळ पडते म्हणून शेजारच्या गावाच्या फळीवर पुडे नेत असत, आणि ग्रामसभेने स्वतः विक्री करायचे ठरवल्यावर ती सगळी आपल्या फळीकडे आली. अंदाज कमी पडला, आगाऊ रक्कम त्याच कमी अंदाजावर ठरली, आणि शेवटच्या आठवड्यात बारदाना संपला. टोल्यावर एक संध्याकाळ घालवली असती तर हे टळले असते. तेव्हापासून अंदाज टोलानिहाय, तोडणाऱ्या कुटुंबांची नावे घेत काढतो, आणि सरकारी नोंद पडताळ्यासाठी वापरतो.

बांबू, आणि न विकण्याचा निर्णय

बांबूचे गणित तेंदूपेक्षा वेगळे आहे, कारण चूक झाली तर ती पुढच्या हंगामात दुरुस्त होत नाही. मानवेल आणि कटंग या बांबूच्या जातींची बेटे कक्षानिहाय मोजावीत, कोवळे कोंब आणि पक्के बांबू वेगळे लिहावेत, आणि कटाईचे तीन-चार वर्षांचे चक्र धरून एका वर्षी जंगलाचा किती भाग तोडायचा ते गावासोबत नकाशावर रंगवावे. व्याजदराने भविष्यातील उत्पन्नाचे आजचे मूल्य काढण्याची आपली सवय इथे आवरती घ्यावी. चढा दर लावला की ‘आजच सगळे तोडा’ हे उत्तर तक्त्यातून आपोआप बाहेर येते. त्यातच बांबूला कित्येक वर्षांनी एकदम फुलोरा येतो आणि बेटेच्या बेटे मरतात. ही शक्यता म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवरून नोंदवून ठेवावी.

गाव विकायचेच नाही असेही ठरवू शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूवर रोजगार उभा करणाऱ्या या गावाने तेंदूपत्ता तोडणे मात्र बंद केले, कारण त्यासाठी होणारी फांद्यांची छाटणी आणि लावली जाणारी आग जंगलाला मारक आहे असे गावाचे मत पडले. अशा वेळी सल्लागाराचे काम दर कुटुंबामागे किती मजुरी सुटते आणि ती भरून काढायला बांबूचे किती दिवस लागतील, एवढे प्रामाणिकपणे मांडणे. निर्णय ‘अव्यवहार्य’ आहे असा शेरा अहवालात मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नसतो.

गावावरून प्रदेशाकडे

एका गावाच्या दोनशे गोण्यांसाठी मोठा खरेदीदार येत नाही. तीस गावे एकत्र आली तर येतो. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे. प्रादेशिक विकासाचे खरे एकक मला अशा संघात दिसते, कारण तो खालून जुळलेला असतो आणि प्रत्येक गावाला त्यातून बाहेर पडता येते.

संघासोबत काम करताना दोन धोके लक्षात ठेवावेत. रस्त्यालगतचे गाव आणि नदीपलीकडचे गाव यांना एकच सरासरी भाव मिळाला तर वाहतुकीचा बोजा कोणीतरी गुपचूप उचलत असते. तो बोजा तक्त्यात उघड करावा आणि वाटणी कशी करायची ते गावांवर सोडावे. दुसरे म्हणजे, संघाच्या कार्यालयात चार शिकलेली मुले सगळे हिशेब ठेवू लागली की गावोगावच्या वह्या कोऱ्या राहतात. प्रत्येक ग्रामसभेची वही त्या गावातच राहावी आणि संघाकडे तिची नक्कल जावी, असा आग्रह धरावा. गोदाम, रस्ता, मामा (माजी मालगुजारी) तलावांची दुरुस्ती अशी कामे पुढे येतील तेव्हा रोजगार हमी आणि पेसाचा पाच टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी यांचा मेळ घालण्यासाठी याच वह्या आधार म्हणून उपयोगी पडतात. वह्यांवरून तयार झालेली मागणी आणि कार्यालयात बसून लिहिलेली मागणी यांतला फरक अधिकाऱ्यांनाही लगेच कळतो.

निघताना

अहवाल मराठीत, मोठ्या अक्षरात, वीस पानांच्या आत असावा आणि सादर होण्यापूर्वी ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. गोंडी गावात त्याचा तोंडी अनुवाद व्हावा. वाचन चालू असताना ज्या आकड्यावर कुजबुज होते, त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करावा आणि तो पुन्हा तपासावा. दुरुस्ती केली की कोणी सुचवल्यामुळे केली ते तळटिपेत लिहावे, नाव नको असेल तर टोल्याचा उल्लेख पुरे.

अहवालासोबत गावात ठेवायच्या वस्तू अशा : फळीवरच्या रोजच्या नोंदीची वही, जिच्यात तारीख, तोडणाऱ्याचे नाव, पुडे, नाकारलेले पुडे आणि नाकारण्याचे कारण असे पाच रकाने आखलेले आहेत, दोन बोलींची तुलना करण्याचा कोरा कागद, मागील तीन हंगामांत कोणी किती माल उचलला आणि पैसे किती दिवसांनी दिले याची यादी, आणि पुढच्या निविदेचे वेळापत्रक, जानेवारीपासून सुरू होणारे. पुढच्या वर्षी मे महिन्यात स्वखर्चाने एकदा जाऊन यावे आणि फळीवरच्या वहीतला ‘नाकारण्याचे कारण’ हा रकाना पाहावा. तो भरलेला असेल तर चहा पिऊन परत यावे.